रात्रीचा पहारा

दारू सोडवायचे म्हणून जेवढे उपाय आमच्या भागात सांगतात, ते बहुतेक आमच्या घरात होऊन गेले होते. लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ झाली. अंबाजोगाईला योगेश्वरीपुढं नारळ फुटला, परळीला वैजनाथाच्या पायरीवर कान धरून झालं. कुणी अंगारा दिला, कुणी चहात टाकायची पुडी दिली. आत्याबाईंनी ती नेमानं टाकली. मालकांना मळमळायचं, मग ते चहाला नावं ठेवत सरळ ढाब्याकडं निघायचे.

‘आडवी बाटली करा की,’ असंही शहरातून आलेल्या एका ताईंनी सुचवलं. गावातल्या महिला मतदारांपैकी 25 टक्के जणींनी सह्यांचं निवेदन दिलं की मतदान लागतं, आणि निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद होतं, हे आम्हाला माहीत होतं. पण आमच्या गावात परवान्याचं दुकानच नाही. दारू ढाब्यावर मिळते, एका किराणा दुकानात गोणीमागं मिळते, आणि सांगाल तर घरपोच येते. आडवं काय करणार?

आम्ही केज तालुक्यातले, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले. हलकी जमीन, पाण्याची बोंब. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेऊन खाल्लेली असते. मग सांगली, कोल्हापूर, नाहीतर पार बेळगावकडं. अंधार असतानाच फडात उतरायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, आणि रात्री गाडी कधी येईल तेव्हा भरायची. अंगाचा भुगा होतो. तिथं दारूला कुणी दारू म्हणत नाही, थकव्याचं औषध म्हणतात. त्यात पिऊन पडलेल्या माणसाचा खाडा त्याच्या एकट्याचा नसतो, जोडीचा असतो. लग्नानंतरचे माझे हंगाम असे त्यांच्या खाड्यांत गेले. पुढं मला गावातच अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम लागलं आणि ते धाकट्या भाऊजींबरोबर अर्धा कोयता म्हणून जायला लागले.

ज्या वर्षीची गोष्ट सांगते, त्या वर्षी आषाढीच्या आदल्या दिवशी त्यांनी मंदिरात विठोबापुढं हात जोडून सांगितलं, आजपासून बंद. आणि खरंच बंद केली. एकादशीचा उपासही धरला. आत्याबाई लेकाची दृष्ट काढायच्या तयारीत होत्या. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घामानं बंडी भिजली. तिसऱ्या दिवशी ते भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून हातानं झटकत बसले, आणि संध्याकाळी त्यांना फिट आली. शेजारपाजारचे जमले. ‘बाहेरचं हाय,’ एकजण म्हणाला. दुसऱ्यानं कुणा देवऋषाचं नाव काढलं.

तेवढ्यात बुवा आले. आमच्या गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवणारे म्हातारे बुवा. शाळा चौथीपर्यंत, पण माणूस मोठा पक्का. त्यांनी एकदा पाहिलं आणि जीपवाल्याला हाक मारली. कुणीतरी म्हणालं, बुवा, आधी देवळात नेऊन तीर्थ पाजू. ‘देवाचं नाव गाडीत बसूनबी घेता येतं,’ बुवा म्हणाले, ‘चला अंबाजोगाईला.’

स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं सरकारी मेडिकल कॉलेज अंबाजोगाईला आहे, हे आमच्या डोंगरी भागाचं नशीब. तिथल्या डॉक्टरांनी मला जे समजावून सांगितलं, ते गावातल्या प्रत्येक पारावर लिहून लावावं असं मला अजून वाटतं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचं शरीर दारू धरून चालायला शिकलेलं असतं. ती एकदम काढून घेतली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम होतो, नसलेलं दिसतं, ताप चढतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. दवाखान्यात शांत करणारी औषधं मोजून देतात आणि हळूहळू कमी करत नेतात. जीवनसत्त्व बी-1 ची इंजेक्शनं देतात, कारण पिणाऱ्याच्या अंगात ते उरलेलंच नसतं. चहातल्या पुडीबद्दल ऐकल्यावर डॉक्टर आत्याबाईंवर चांगलेच तापले. पिणाऱ्याला न सांगता दिलेलं तसलं औषध आणि वर दारू, यानं जीवही जाऊ शकतो, म्हणाले. म्हणजे देवापुढं शब्द देऊन एका दिवसात सोडणारा माणूस किती धोक्यात असतो, हे आम्हाला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

बुवा तिथं रोज यायचे. त्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, ‘साहेब, याला एकादशी चालंल का?’ डॉक्टर नको म्हणाले, आधी अंगात काही जाऊ द्या. बुवांनी लगेच मालकांना बजावलं, ‘यंदा तुझी एकादशी मी धरतो. तू भाकर खा.’

घरी आल्यावर मालकांना घाई झाली होती माळ घालायची. आमच्याकडं तुळशीची माळ गळ्यात आली की दारू गेली, मटण गेलं, पंधरवड्याची एकादशी आली, वर्षाची वारी आली. माळकऱ्याला कुणी प्यायला चल म्हणत नाही, हा तिचा मोठा फायदा. पण बुवांनी नकार दिला. ‘माळ म्हंजी काय गोळी हाय का, सकाळ-संध्याकाळ घ्यायला? घसरलास तर लोक तुलाबी हसतील आन् माळंलाबी. आधी पहाऱ्याला उभा राहा.’

श्रावणात आमच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह असतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथ्यावरचं भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यापुढं जागर. या सगळ्याच्या मधोमध वीणा उभी असते. सात दिवस ती खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. कुणी कोणत्या वेळी उभं राहायचं ते मंदिरातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं, त्याला पहारा म्हणतात. दिवसाच्या पहाऱ्यांसाठी माणसं आपणहून नाव देतात. रात्री बारा ते दोन आणि दोन ते चार ही नावं मात्र दरवर्षी ओढूनताणून भरावी लागतात. बुवांनी बारा ते दोन मालकांचं नाव लिहिलं, आणि खाली दोन ते चारला स्वतःचं.

त्या वेळेला मालकांना तशीही झोप नसायची. पिणं सुटल्यावर कित्येक महिने झोप धड लागत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. आधी त्याच वेळेला ते ओट्यावर बसून शिव्या घालायचे आणि मी लेकरांना घेऊन आतून कडी लावायचे. आता त्याच वेळेला ते मंदिरात उभे. वीणा गळ्यात असताना बसता येत नाही, तंबाखू मळता येत नाही, आणि पुढचा माणूस आल्याशिवाय निघता येत नाही. पहिल्या रात्री त्यांच्या हाताला कंप होता, तार नीट छेडली जात नव्हती. गळाही त्यांचा काही गोड नाही. मी सभामंडपाच्या बाहेर चादर अंथरून पडले होते. भरवसा नव्हता म्हणून, भक्तीनं नव्हे. दोनच्या आधीच बुवा काठी टेकत आले. सातही रात्री ते दोनच्या आधी आले.

मला तेव्हा कळलं की शपथेत आणि पहाऱ्यात फरक आहे. शपथ मोडली तर देवाला कळतं, आणि देव काही बोलत नाही. पहारा चुकला तर वीणा धरून उभा असलेला माणूस बोलतो.

काला झाला, महाप्रसाद झाला, मंडप सुटला. सप्ताहात गाव जेवढं भरून येतं तेवढंच आठव्या दिवशी रिकामं होतं. बुवांनी हे ओळखलं होतं. हरिपाठ संपल्यावर चार-पाच पिणाऱ्यांनी मंदिराच्या ओट्यावर अर्धा तास थांबायचं आणि आज कुठं अडखळलो ते एकमेकांना सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. ही कल्पना निम्मी डॉक्टरांची. त्यांनी सांगितलं होतं की 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात एक शेअरदलाल आणि एक सर्जन, दोघेही पट्टीचे पिणारे, एकमेकांशी बोलून बोलून कोरडे राहिले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभी राहिली. त्यात देव आहे, पण ज्याला जसा समजेल तसा. बुवा म्हणाले, ‘हे तर आपलंच हाय.’ बुवांना जगातली कुठलीही चांगली गोष्ट आपलीच वाटते.

ओट्यावर वस्तीतला एकजण यायचा. बौद्ध माणूस. हरिपाठाला नाही, पण नंतरच्या अर्ध्या तासाला. पंचशीलातलं पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचंच आहे, ते तो विहारात रविवारी म्हणतो आणि बाकीचे दिवस इथं येतो. सुरुवातीला एक-दोघांनी नाक मुरडलं. बुवांनी त्याच्यासाठी आपल्याशेजारी जागा केली, मग कुणी बोललं नाही.

दसरा झाला आणि मालक भाऊजींबरोबर फडावर गेले. माझ्या पोटात गोळाच होता. इथं पहारा होता, तिथं काय? तिथं कोपीपासून हाकेच्या अंतरावर गुत्ता. बुवांनी त्यावर तोड काढली ती फोनची. संध्याकाळी हरिपाठाच्या वेळी मी मंदिरात फोन स्पीकरवर टाकून वीणेजवळ ठेवायची आणि तिकडं ते कोपीपुढं बसून म्हणायचे. गाडी भरायची असेल त्या दिवशी जमायचं नाही. हळूहळू टोळीतले आणखी दोघं-तिघं बसायला लागले. मुकादम आधी वैतागला, ‘तुम्ही ऊस तोडायला आलात का टाळ कुटायला?’ नंतर खाडे कमी झाल्यावर त्यानंच फोनला रिचार्ज मारून दिलं.

तरीही एका बाजारच्या दिवशी ते प्यायले. भाऊजींचा फोन आला तेव्हा रडायला लागण्याआधी मी बुवांकडं गेले. बुवांनी फोन लावला. ओरडतील असं वाटलं होतं. म्हणाले, ‘आज हरिपाठ तू सुरू करायचा.’ पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग सुरू झाला, अडखळत.

हे मी नुसत्या कौतुकानं सांगत नाही. गाव पहारा करतं तसं गाव तोंडही सोडतं. आमच्याच टोळीतल्या एकानं सप्ताहाच्या भरात बुवांना न विचारता दुसरीकडून माळ घालून घेतली होती. तो घसरला तेव्हा पारावर त्याची इतकी टिंगल झाली की त्यानं देवळाची वाटच सोडली. लपून प्यायला लागला, आधीपेक्षा जास्त. पुढच्या पावसाळ्यात तो गेला. त्याच्या दिवसाच्या कीर्तनात महाराजांनी व्यसनावर जोरदार बोलून घेतलं. ऐकायला तो नव्हता. तेव्हापासून ओट्यावर एक नियम आहे: जो घसरला त्याला पुढच्या सप्ताहात पहारा आधी द्यायचा, आणि पारावर त्याच्याबद्दल बोलेल त्यानं रात्रीचा बारा ते दोन उभं राहायचं. नियम कामाचा निघाला. रात्रीच्या पहाऱ्याची नावं आता भरतात.

मालकांनी माळ घातली ती दुसऱ्या वर्षी, आषाढीला पंढरपुरात. आता लोक रस्त्यात त्यांना ‘माऊली’ म्हणून पाया पडतात. मला बरं वाटतं आणि थोडं हसूही येतं. दारू सोडली म्हणून यांच्या गळ्यात हार पडला. ज्यांनी कधी थेंब घेतला नाही आणि याच नवऱ्यांची उचल फेडली, त्या बायकांना कुणी माऊली म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

माझा एक मावसभाऊ पुण्यात असतो. तो येरवड्याच्या मुक्तांगणमध्ये राहून आला. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेली ही संस्था, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं उभी राहिलेली. त्याच्या बायकोनं मला सांगितलं की तिथं बायकांचीही सभा असते, सहचरी नावाची. ‘तुला काय झालंय, हे तिथं पहिल्यांदा मला कुणी विचारलं,’ ती म्हणाली. मला तो प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. बुवांनीही नाही.

म्हणून सप्ताहातल्या पारायणानंतर आम्ही बायका मागं थांबायला लागलो. सुरुवातीला नुसत्या भाज्या निवडायचो. मग एकीनं सांगितलं की नवरा सुटला तरी तिला रात्री कडी लावल्याशिवाय झोप येत नाही. दुसरी म्हणाली, तो पिऊन यायचा तेव्हा घरातला शब्द माझा होता, आता तो शुद्धीवर आहे तर प्रत्येक गोष्टीत बोलतो. सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण आमच्याही घरी तेच चाललं होतं. सुटलेल्या माणसाबरोबर राहणं नव्यानं शिकावं लागतं.

गेल्या वर्षी मी सप्ताहाच्या बैठकीत उठून म्हटलं, पहाऱ्याच्या फळ्यावर बायकांची नावं का नाहीत? बरीच कुजबुज झाली. एका पंचानं रूढी सांगितली, दुसऱ्यानं रात्रीचं भय सांगितलं. बुवांनी बराच वेळ टाळाची दोरी आवळत बसून शेवटी दुपारचे दोन ते चार आमच्या नावावर लिहिले. वेळ मोठी वाईट, श्रावणातलं उकडणं आणि जेवून पेंगलेला मंडप. पण आम्ही घेतला. यंदा तीच वेळ सहाजणींनी मागितली आहे आणि मी चार ते सहाचाही अर्ज टाकलाय. मालक म्हणाले, ‘एवढं कामून?’ मी म्हटलं, रात्रीचा मागितला नाही तोवर गप बसा.