सात महिने कमी

रात्रीचे साडेनऊ. ठाण्याच्या ऑफिसातून निघून डोंबिवलीला उतरले, तरी डोक्यात फाइलच. मी आरोग्यविम्याच्या क्लेम विभागात आहे. २०२४पासून विमा नियामकाचा दंडक आहे: कॅशलेसला १ तासात उत्तर, डिस्चार्जला ३ तासांत. दिवसभर घड्याळ मानगुटीवर.

आज एका काकांची फाइल आली. केसपेपरवर 'मधुमेह, १० वर्षं'. प्रस्ताव अर्जात मात्र 'नाही'. अर्ज एजंटानं भरलेला, सही काकांची. पॉलिसीला सलग ५ वर्षं झाली असती, तर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज न सांगितलेल्या आजारावर बोट ठेवता आलं नसतं. सात महिने कमी पडले. 'नामंजूर'ची शिफारस समितीकडे पाठवताना हात जड झाला.

घरी आल्या आल्या बाबांची पॉलिसी काढली. तुम्हीही काढा. सही करण्याआधी अर्ज स्वतः वाचा.