कारण लिहून द्यावे

आमच्या शाळेच्या दिवसांत नागरिकशास्त्र हा विषय इतिहासाच्या पाठीला बांधलेला असे. संसदेची दोन सभागृहे, राष्ट्रपतींचे अधिकार, हक्क आणि कर्तव्ये एवढे पाठ केले की तो संपे. पुढे राज्य शासनाच्या सेवेत उमेदीची वर्षे घालवल्यावर मला असे वाटू लागले की, या शास्त्राचे सार एका छोट्याशा प्रश्नात सामावलेले आहे. ज्याच्याविषयी निर्णय होतो त्याला ‘का?’ असे विचारता येते की नाही? ज्याला विचारता येत नाही तो प्रजाजन. ज्याला विचारता येते आणि उत्तर मिळते, तो नागरिक.

बडोद्यात राहणाऱ्या माणसाला हा भेद सहज उमजत नाही. याचे कारण असे की, येथील प्रजाजनाला उत्तम राजा लाभला होता. सयाजीराव महाराजांनी १८८१ साली कारभार हाती घेतला, तो १९३९ साली देहावसान होईपर्यंत सांभाळला. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या राज्याला लागू केला. नामदार गोखल्यांनी असेच विधेयक १९११ साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळात मांडले. पुढच्याच वर्षी ते फेटाळले गेले. साम्राज्याला जे जमले नाही ते एका संस्थानाने करून दाखवले, याचा अभिमान आम्हा बडोदेकरांना आहे आणि तो रास्तही आहे.

परंतु त्या कायद्याचे स्वरूप जरा बारकाईने पाहावे. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होई. कर्तव्य पालकाचे, औदार्य राजाचे. मुलाचा हक्क असा शब्द त्यात कोठे नव्हता. १९०८ साली धारासभा स्थापन झाली, पण तिचे काम मुख्यतः सल्ला देण्याचे होते. १९१६ मध्ये प्रजामंडळ निघाले आणि हळूहळू जबाबदार राज्यपद्धतीची मागणी मूळ धरू लागली. ‘जबाबदार’ या शब्दातच ‘जबाब’ आहे. चांगले राज्य त्यांना मिळालेलेच होते; मागणे जबाबाचे होते.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पुढच्या जानेवारीत आपण सारे संविधानाने नागरिक झालो. शिक्षणाचे म्हणाल तर, २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि त्यासाठीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. शाळा तीच, पाटीही तीच. पण शाळा नसेल तर ‘का नाही?’ असे आता शासनाला विचारता येते.

कायद्याने माणूस नागरिक झाला, तरी त्याच्या अर्जाची भाषा मात्र बदलली नव्हती. कचेरीत येणारे अर्ज मी हजारोंनी वाचले असतील. जमिनीच्या उताऱ्याची नक्कल, विधवेचे साहाय्य, शिधापत्रिकेतील नावाची दुरुस्ती, अशा हक्काच्या गोष्टींसाठीसुद्धा शेवटची ओळ ‘साहेबांनी मेहरबानी करावी’ अशीच असे. कचेरीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्यांना ती ओळ तोंडपाठ होती. आणि आमच्याकडून जाणारी उत्तरेही तिला साजेशीच असत : ‘नियमानुसार शक्य नाही.’ कोणता नियम, कोणते कलम, याचा उल्लेख बहुधा नसे. याचना आणि नकार, दोहोंनाही कारणाची गरज वाटत नव्हती.

कारण विचारायचे तर आधी राज्यकारभाराचे शब्द कळले पाहिजेत. सयाजीरावांना हे उमगले होते. १९३१ साली त्यांनी ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु’ हा कोश प्रसिद्ध करविला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू व फारसी प्रतिशब्द देणारा हा ग्रंथ आजही चाळण्यासारखा आहे. राजाने प्रजेच्या हाती शब्द दिले. प्रश्न विचारण्याची मुभा पुढच्या काळाने दिली. १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आलेल्या माहितीच्या अधिकाराची चर्चा कागदपत्रांच्या प्रतींभोवतीच फिरते. त्यातील चौथ्या कलमाकडे फारसे कोणी पाहत नाही. प्रशासकीय निर्णयाची कारणे संबंधितांना कळवावीत, असे ते कलम सांगते. मला तर साऱ्या कायद्याचा प्राण तेथेच दिसतो.

येथवरचा प्रवास शासन आणि माणूस यांच्यातला. पण माणूस आणि माणूस यांच्यात ‘का?’ कोणी कोणाला विचारायचे? याचे सर्वांत दुःखद उदाहरणही बडोद्याचेच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेला गेले आणि १९१७ साली करारानुसार नोकरीसाठी बडोद्यास आले. पद राज्याने दिले. डोक्यावर छप्पर शहराने दिले नाही. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ओळखीच्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्यानेही घरी ठेवून घेण्याचे टाळले. महाराजांसारखा पाठीराखा असूनही उच्चविद्याविभूषित माणसाला शहर सोडावे लागले. सयाजीबागेतील संकल्पभूमी त्या दिवसाची आठवण देते. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने सिद्ध केलेल्या संविधानात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांची दारे जातिधर्माच्या कारणावरून कोणालाही बंद करता येणार नाहीत, असे कलम आले. खाजगी घराच्या उंबरठ्यापाशी मात्र ते कलम थबकते. तेथून पुढचे काम आपले आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या सभेत एका रिकाम्या घराचा विषय निघाला. मालकाने भाडेकरू ठरवला होता. त्याचे आडनाव कळल्यावर कुजबुज सुरू झाली. ‘आपल्या वातावरणात बसणार नाही’, ‘पुढे त्रास नको’ असे सूर उमटले. तेव्हा एक वृद्ध भगिनी शांतपणे म्हणाल्या, “नाही म्हणायचे तर म्हणा, पण कारण इतिवृत्तात लिहा आणि खाली सगळ्यांनी सह्या करा.” सभेत शांतता पसरली. कारण प्रत्येकाच्या मनात होते, लिहायला कोणी तयार होईना. अखेर विषय तेथेच मिटला आणि ते कुटुंब राहायला आले. त्या बाईंनी समतेवर व्याख्यान दिले नाही. जे कारण कागदावर उतरवण्याची लाज वाटते ते कारणच नव्हे, एवढेच त्यांनी सिद्ध केले.

नागरिकशास्त्र मुलांना शिकवताना आपण हक्कांची यादी पाठ करून घेतो. तिच्याबरोबर एक सवयही लावावी. नकार मिळाला तर कारण लेखी मागावे. आणि आपण कोणाला नकार देत असू, तर ते लिहून खाली सही करण्याची तयारी ठेवावी. यातली पहिली सवय लागण्यास आपल्याला बराच काळ लागला. दुसरीसाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.