फ्लेक्सवरचा दादा

बीज एवढंच. कराडमध्ये फ्लेक्स छापणारा एक तरुण अपघातात जातो. लग्नाआधी त्याच्याच दुकानात बसणारी धाकटी बहीण पुण्याहून धावत येते, आणि दादाच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स तिलाच करावा लागतो. दुकानातल्या पोराचा हात माऊसवर ठरत नाही.

अपघात दाखवायचा नाही. महामार्ग नको, रुग्णवाहिका नको. पहिल्या दृश्यात तो गेलेलाच आहे.

माणूस गेला की घरात दुःखाची उतरंड लागते. आधी आई, मग बायको, मग मुलं. बहिणीपर्यंत येता येता भेटायला आलेल्यांचे शब्द संपतात. तिला सगळे एकच सांगतात, "आईकडे बघ. तूच खचलीस तर तिनं कुणाकडे बघायचं?" तिच्या वाट्याला सांत्वन येत नाही, काम येतं. मला हा चित्रपट करायचाय तो या एका वाक्यापायी.

सुतकाचंही तसंच. लग्न झालेल्या बहिणीला भावाचं दहा दिवसांचं सुतक नसतं. गोत्र बदललेलं असतं. दहाव्याला प्रीतिसंगमावर सगळे कावळ्याची वाट बघत थांबलेले असतील, तेव्हा त्या घरात एकटी ती मोकळी. कुणी मावशी मायेनंच म्हणेल, "तू देवाला दिवा लाव बाई, तुला काही नाही." मावशी चांगली बाई आहे. तिला तशीच ठेवायची.

'पथेर पांचाली' (१९५५) पुन्हा पाहिला. लेक दुर्गा गेल्याचं ठाऊक नसलेला बाप हरिहर तिच्यासाठी साडी घेऊन परततो, आई सर्वजया फुटते, आणि तिच्या आक्रोशाच्या जागी तारशहनाई वाजते. सगळे त्याच प्रसंगाबद्दल बोलतात. या वेळी मी अपूला बघत होतो. दीदी गेल्यावर तो आपला आपण दात घासतो, केस विंचरतो, बाहेर पडताना आभाळाकडे बघतो, मागे फिरून छत्री घेतो. सिनेमात भावंडाचं दुःख याहून नेमकं मी पाहिलेलं नाही. पुढे गाव सोडताना दुर्गानं चोरलेला हार त्याला सापडतो. तो कुणाला न सांगता तळ्यात फेकतो. आईनं ज्या आरोपापायी दुर्गाला मारलं होतं तो खरा होता, हे आता त्या एका पोरालाच ठाऊक.

म्हणजे धाकटीकडेही दादाचं काही हवं, आईला माहीत नसलेलं. मोठं गुपित नको. कर्ज, दुसरी बाई असलं काही आलं की गोष्ट तिकडेच पळेल. हे चालेल : पहिल्या वर्षाला नापास झाल्यावर तो डबा घेऊन कॉलेजला म्हणून निघायचा आणि एका दुकानात कोरलड्रॉ शिकत बसायचा. तिनं वर्षभर तोंड उघडलं नाही.

मधला मोठा प्रसंग. रात्र, दुकान, शाईचा उग्र वास. दादाच्या कॉम्प्युटरवर 'श्रद्धांजली' नावाचं फोल्डर आहे. निम्म्या गावाला त्यानंच हार आणि समई लावून दिलेली. साच्यात आधीच्या मयताचं नाव तसंच राहिलंय. ते ती खोडते. फोटो सज्जनगडच्या सहलीचा, चौकटीचा शर्ट, एकटा असा एकही नाही. या फोटोत तिचा हात त्याच्या खांद्यावर आहे. तो हात पुसायचा. नुसता पुसून भागत नाही. हाताखाली शर्ट कसा असेल ते भरावं लागतं, चौकटीच्या रेघा एकेक जुळवत. संगीत नाही. माऊसची टिकटिक, आणि मागे मशिनचं हेड डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. हा प्रसंग लांबला तर लांबू दे. संकलकाशी भांडायची वेळ आली तर इथे भांडायचं.

चंद्राला ओवाळण्याचा प्रसंग सुचला होता. काढला. भाऊ नसलेली बहीण आणि दिवाळी म्हटल्यावर प्रेक्षक आधीच तिथे जाऊन बसलेला असतो.

वाचल्याचा अपराध. 'ऑर्डिनरी पीपल' (१९८०) मध्ये बोट उलटते, थोरला बुडतो, बोटीला धरून राहिलेला धाकटा वाचतो आणि त्याचीच शिक्षा स्वतःला देत राहतो. अकियुकी नोसाका यांची धाकटी बहीण १९४५ मध्ये उपासमारीनं गेली. त्यांनी १९६७ मध्ये कथा लिहिली, तिच्यावरून इसाओ ताकाहातांनी १९८८ मध्ये 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' केला. कथेतला भाऊही मरतो. नोसाका स्वतः २०१५ पर्यंत जगले. लेखकानं स्वतःला कथेत तरी जगू दिलं नाही, हे मला फार लागतं.

माझ्या धाकटीला जगायचंय. न उचललेला शेवटचा फोन वगैरे नको. तिचं दुखणं साधं : दादा एकतीसचा, ती एकोणतीस. तो आता एकतीसचाच राहणार. आणखी काही वर्षांनी ती दादाहून मोठी. मग त्याला दादा म्हणायचं ते कसं?

फ्लेक्स पुढे कशाकशावर जातात! गोठ्यावर, सरपणावर, गळक्या कौलांवर. पावसाळ्यात कुणाच्या तरी कडब्यावर तिला दादा दिसतो. दृश्य ठेवायचं, पण शेवटाला नाही. तिथे संपवलं तर दुःख देखणं होईल.

वहिनी अजून नीट उभी राहिलेली नाही. तिला नुसती रडती ठेवणं हा अन्याय. रात्रभर खपून केलेला फोटो सकाळी ती बघते आणि म्हणते, "हा नको. लग्नातला लाव." धाकटी नाही म्हणते. दोघींचा माणूस वेगळा, दोघीही बरोबर. भांडण खरं व्हायला हवं, आवाज चढवून, बाहेर सतरंजीवर बसलेल्यांना ऐकू जाईल असं. आधी हा प्रसंग लिहायचा, पटकथेची बाकीची जुळणी नंतर.