ब्रेकची नळी

बोरी अरबला आमच्या मोठेबाबांकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली, पण ही अजून दारव्ह्याला बाजाराला जाते. गेल्या महिन्यात मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी पाझरताना दिसली आणि घरात चर्चासत्र सुरू झालं.

मिस्त्री म्हणाला, "भाऊ, एवढाच तुकडा बदलतो. बाकीच्या पायपाले काई झालं नाई." मोठेबाबांनाही ते पटलं. मला नाही.

कारण सांगतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, गाडी नुसती उभी असली तरी. 'डॉट ३' प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० वर येते. शिवाय ते पाणी लोखंडी नळीला आतून गंज चढवतं. म्हणजे एक नळी सडली, तर त्याच वयाच्या बाकीच्या काय तरुण राहिल्यात? त्यातून या गाडीला चारही चाकांसाठी ब्रेकचं सर्किट एकच. कुठलीही नळी फुटली की पेडल थेट तळाला! आपल्या भाषेत, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. आणि मागच्या सीटवर नातवंडं असतात.

शेवटी सगळ्याच नळ्या बदलल्या, रबरी होजसकट. होज आतून फुगली की दाब जातो, पण परत येत नाही आणि चाक धरून राहतं. नळीचं तोंड कर्ण्यासारखं उघडून पुन्हा आत दुमडायचं, म्हणजे जोड गळत नाही. हे काम मिस्त्रीच्या हातचंच. मी फक्त पेडल दाबायला. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून हवा काढायची. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. एक बुडबुडा राहिला तरी पेडल स्पंजासारखं लागतं.

जुनी नळी कापली तर आतून तांबूस भुगा पडला. मोठेबाबा तो बराच वेळ बोटांवर चोळत राहिले. मग म्हणाले, "हँडब्रेकची केबल बी पाहून घे रे."

सर्किट अजूनही एकच आहे. ते फुटलं तर उरेल फक्त ती केबल. तीही बदलली.