वलणीची जागा

जोगेश्वरी पूर्वेला मेघवाडीच्या किंवा मजासवाडीच्या गल्लीत मान जरा वर केली, की घराघरांची हकिगत वाळत घातलेली दिसते. दुपटी आणि झबली असली की घरात तान्हं मूल आहे. काही वर्षांनी त्यांच्या जागी शाळेचा गणवेश येतो, मग नोकरीचा युनिफॉर्म. टोकाला मऊसूत झालेलं नऊवारी असेल, तर घरात आजी आहे. जन्मल्या दिवसापासून माणसाची सोबत करणाऱ्या वस्तूंमध्ये वलणीचा नंबर फार वर लागेल, पण तिची दखल कोणी घेत नव्हतं. आता ती घेतली जाते, पर्यावरणाला पोषक सवय म्हणून. हे कौतुक खरं आहे, तरी मला ते अपुरं वाटतं. सवय माणसाच्या हातात असते. दोरीवर कपडे वाळणं मात्र आधी इमारतीच्या हातात असतं.

वीज किती वाचते, हा हिशेब सोपा आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला पाऊण युनिटच्या जरा खाली एवढी ऊर्जा लागते. मशीनमधून पिळून निघालेल्या पाच किलो कपड्यांत अडीच-तीन लिटर पाणी उरतं. म्हणजे साध्या ड्रायरला एका खेपेला किमान दोन युनिट हवीत, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. आठवड्याला तीन खेपा धरल्या तर वर्षाची तीनशेच्या वर युनिट झाली. आपल्या देशातली बहुतेक वीज अजून कोळशाची आहे. मुंबईच्या उपनगरांना वर्षानुवर्षं वीज देणारं डहाणूचं ५०० मेगावॉटचं केंद्रही कोळशावरच चालतं. हीट पंपाचे नवे ड्रायर निम्म्या विजेत काम करतात, हे मान्य. पण ऊन आणि वारा जे फुकट करतात त्यासाठी निम्मा कोळसा तरी का जाळावा? शिवाय ड्रायरच्या जाळीत दर वेळी साठणारा लोकरीसारखा पुंजका कपड्यांचाच असतो. दोरीवर कपडा एवढा झिजत नाही. रंग तेवढे उन्हात विटतात, म्हणून कपडे उलटे करून वाळत घालायचे असतात.

मग अडतं कुठे? बैठ्या चाळीत दारासमोर दोन खांबांना बांधलेली दोरी असायची, पत्र्यावर जागा असायची. त्या चाळीचे हाल कमी नव्हते आणि तिचं गुणगान मला करायचं नाही. पाणी आत शिरणारं, सामाईक संडासासमोर रांग लावायला लावणारं ते जगणं संपायलाच हवं होतं. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ मध्ये स्थापन झालं. पुनर्वसनात मिळणाऱ्या पक्क्या घराचं क्षेत्रफळ आधी २२५ चौरस फूट, मग २६९ आणि आता ३०० असं वाढत गेलं. घर वाढलं, नळ आत आला, ही मोठी कमाई आहे. पण क्षेत्रफळाच्या हिशेबात दोरी कुठेच धरलेली नाही. ती खिडकीच्या ग्रिलला लटकते, नाहीतर छताला टांगलेल्या वरखाली होणाऱ्या दांड्यांवर येते, नाहीतर पॅसेजमध्ये. गच्चीला बहुतेक ठिकाणी कुलूप असतं. आग लागली तर पॅसेज मोकळा हवा, म्हणून तिथल्या दोरीला होणारा विरोध मला पूर्ण पटतो. दर्शनी भाग खराब दिसतो म्हणून खिडकीतले कपडे काढायला लावणारा सोसायटीचा नियम मात्र पटत नाही. ज्या अमेरिकेत घरोघरी ड्रायर आहेत, तिथेही फ्लोरिडा आणि व्हर्माँटसारख्या राज्यांनी कायदा करून असे नियम अडवले आहेत.

सर्वांत खरा आक्षेप पावसाळ्याचा. सांताक्रूझच्या वेधशाळेत एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला जातो. तीनशे चौरस फुटांच्या घरातली सगळी हवा वाफेने काठोकाठ भरली तरी तीत जेमतेम दोन लिटर पाणी मावतं. जुलैत ती हवा आधीच जवळपास भरलेली असते. म्हणून बंद खोलीत तीन लिटर पाण्याचे कपडे टांगले, तर ते पाणी भिंतीत, गादीत आणि श्वासात जातं. कपड्यांना कुबट वास येतो, भिंतीला बुरशी धरते, दमेकऱ्याचे हाल होतात. यावर दोन उपाय कामाचे आहेत. मशीनचा पिळा जोरदार ठेवावा, कारण पाणी फिरवून काढणं तापवून काढण्यापेक्षा फार स्वस्त पडतं. आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडून पंखा लावावा; पंचाहत्तर वॉटचा पंखा दहा तास फिरला तरी पाऊण युनिट जळतं. पण समोरासमोर खिडक्याच नसतील तर?

इथे कपड्यांची गोष्ट माणसांची होते. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने अभ्यास केला. एकमेकींना खेटून उभ्या इमारती, खालच्या मजल्यांवर न पोचणारं ऊन-वारं आणि क्षयरोग यांचा संबंध त्यात दिसला. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य सुमारे ४७ अंशांवरच असतो. सत्तर मीटर उंच इमारतीची सावली तेव्हा साठ मीटरपलीकडे जाते. ज्या खिडकीत पंचा वाळत नाही, तिथे राहणाऱ्याच्या फुप्फुसालाही तीच हवा मिळते. ती हवा तपासायला वेगळं यंत्र नको, ओला पंचा पुरतो.

एक आक्षेप श्रमांचा आहे. वाळत घालणं, सरी येताच धावत काढणं, पुन्हा घालणं हे सगळं अजून बहुतेक घरांत बाईच करते, आणि ड्रायर तिची यातून सुटका करतो, हे खोटं नाही. मात्र धुणं झटकून दोरीवर टाकायला कसलंच कसब लागत नाही. ते घरातल्या पुरुषाने आणि शाळकरी मुलाने करावं. पर्यावरणाचं पुण्य घराचं आणि कष्ट एकटीचे, हे चालणार नाही.

जोगेश्वरी पूर्वेच्याच पूनमनगरच्या पीएमजीपी वसाहतीत १७ इमारती आणि ९४२ घरं आहेत. तिचा पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला आहे. आसपास कितीतरी सोसायट्यांच्या सभांत वाढीव चौरस फूट, पार्किंग आणि कॉर्पस फंडावर तास तास बोलणं होतं. तुमच्या सोसायटीत नकाशा टेबलावर येईल, तेव्हा आर्किटेक्टला एवढं विचारा: तिसऱ्या मजल्यावरच्या घरात वलणी कुठे आहे, आणि डिसेंबरात तिच्यावर किती वाजता ऊन येतं? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.