बाटलीवरचे आकडे

चि. मंदार यास,


तुझं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग राग. विचारलंस एवढंच, की दिवाळीला येताना सासऱ्यांसाठी ग्लेनड्रॉनाख व्हिस्की बारा वर्षांची आणू की अठरा? याचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण त्याच्या जोडीला ‘गडद ती जुनी आणि जुनी ती चांगली’ असा सिद्धांत ठोकून दिलास, तो मला गप्प बसू देईना. ग्लेनड्रॉनाखची फोर्गमधली भट्टी तुझ्या ॲबर्डीनपासून एवढी जवळ, आणि तू बाटली उजेडात धरून तिची परीक्षा करतोस! शेरीच्या पिंपात मुरलेली हायलँड व्हिस्की समजून घ्यायची असेल तर आधी लाकडाची चौकशी करावी, वयाची त्यानंतर, आणि रंगाची करूच नये, असं माझं ठाम मत आहे.

रंगाचंच आधी घे. भट्टीतून उतरलेली व्हिस्की बिनरंगाची असते. तिला रंग चढतो तो पिंपामुळे, आणि किती चढायचा हे पिंप कसलं आहे आणि आधी किती वेळा वापरलंय यावर ठरतं. युरोपियन ओकच्या, पहिल्यांदाच व्हिस्की भरलेल्या पिंपात ती थोड्याच वर्षांत तांबूस होते. तीन-चारदा वापरून दमलेल्या पिंपात पंचवीस वर्षं ठेवली तरी फिकी राहू शकते. वर स्कॉच व्हिस्कीच्या 2009 च्या नियमांत साधं कॅरामेल घालून रंग सारखा करायला मुभा आहे. तू म्हणशील, ग्लेनड्रॉनाखवाले रंग घालत नाहीत. कबूल. पण म्हणून तो रंग वय सांगू लागला असं होत नाही. तो लाकडाबद्दल खरं बोलतो, एवढंच.

आता ‘शेरीची गोडी’. तुझा समज असा दिसतो की स्पेनमध्ये वर्षानुवर्षं शेरी मुरवलेली पिंपं रिकामी झाली की स्कॉटलंडला जातात. एके काळी ब्रिटनला शेरी पिंपांतून यायची आणि रिकामी पिंपं भट्टीवाल्यांना स्वस्तात मिळायची, हे खरं. पण 1980 च्या दशकापासून शेरी स्पेनमध्येच बाटल्यांत भरावी लागते, त्यामुळे तो ओघ आटला. आणि स्पेनमधल्या हेरेसच्या कोठारांत एकावर एक रचलेली जुनी पिंपं तर कोणी सहसा विकतही नाही. व्हिस्कीला द्यायला त्यांच्या लाकडात फारसं काही उरलेलंही नसतं. आज शेरीचं पिंप मुद्दाम घडवतात. नवा ओक, बहुधा 500 लिटरचं पिंप, त्यात ओलोरोसो शेरी वर्ष-दोन वर्षं ठेवायची, मग ती काढून पिंप उत्तरेला धाडायचं. बिडाचा नवा तवा आपण तेल पाजून तयार करतो, ते तेल कोणी जेवायला घेत नाही. तशीच ही शेरीही बहुधा पिण्यासाठी विकली जात नाही, तिचा व्हिनेगर होतो किंवा ती पुन्हा भट्टीवर चढते. म्हणजे तुला लागलेल्या मनुका, अंजीर, लवंग आणि जिभेच्या कडेला राहिलेला तुरटपणा यांत निम्मं श्रेय ओकचं आहे. बाटलीवर नुसतं ‘शेरी’ वाचून समाधान मानू नये. ओक युरोपियन की अमेरिकन, पिंप पहिल्या वापराचं की नंतरच्या, शेरी ओलोरोसो की पेद्रो हिमेनेझ, हे विचारावं.

वयाच्या आकड्यावर तुझा फारच विश्वास. तो आकडा बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचा असतो, हे तुला ठाऊक आहे. पण तुझ्याच लाडक्या भट्टीचा इतिहास बघ. ग्लेनड्रॉनाख 1996 मध्ये बंद पडली आणि 2002 मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात थेंबही निघाला नाही. म्हणजे 2015 मध्ये भरलेल्या ‘15’ च्या बाटलीत निदान 18 वर्षांची व्हिस्की असणारच. साठा पुरेना म्हणून ती त्या वर्षी बाजारातून काढली आणि 2018 मध्ये नव्या साठ्यातून परत आणली. नाव तेच, आकडा तोच, आतला माल वेगळा! यावर तू म्हणशील, ‘मावशी, लोक त्या आधीच्या बाटल्यांसाठी हळहळतात, म्हणजे जुनी ती चांगलीच ना?’ अरे, त्या बाटल्यांतलं वय वेगळं होतं तशी पिंपंही वेगळी होती. श्रेय एकट्या वयाला कसं देशील? गोव्यात बघ. पॉल जॉन व्हिस्कीच्या गोदामात उष्म्यानं वर्षाला सुमारे 8 टक्के माल उडून जातो, स्कॉटलंडात साधारण 2. तिथली पाच वर्षं आणि इथली पाच वर्षं एक कशी धरायची? आणि जास्त वय म्हणजे जास्त लाकूड. जोरकस पिंपात गरजेपेक्षा जास्त राहिली की जवाचा स्वाद बुडतो आणि उरतो निव्वळ तुरटपणा.

‘आवडीला कसले नियम?’ हा तुझा शेवटचा बचाव मला माहीत आहे. आवड तुझी, पण चाखायला तर हवं! तळाशी फुगीर, तोंडाशी निमुळता पेला घे, 30 मिलिलिटरच ओत, बर्फ नको. डोळे मिटून हुंग. काडेपेटीचा किंवा जळक्या रबराचा वास आला तर बहुधा पिंपात जाळलेल्या गंधकाचं देणं समज. मग चहाचा एक चमचा पाणी घाल. 46 टक्क्यांची व्हिस्की 40 च्या जरा खाली येते आणि नाक बधिर करणारा दारूचा झटका ओसरतो. 2017 मध्ये स्वीडनच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी संगणकावर दाखवलं, की पाणी घातल्यावर धुरकट वासाचं ग्वायाकॉल पृष्ठभागाशी जमतं. ते एकाच रेणूबद्दल आहे, त्यावरून सगळ्या स्वादांचा निकाल लावू नकोस, पण पाणी घालणं म्हणजे नासाडी, हे तुझं म्हणणं तरी सोड.

सासऱ्यांसाठी बाराची आण. त्यांना सवय नाही, 43 टक्क्यांची सोसेल. दोन लिटरच्या वर आणू नकोस, आणि त्यांच्याकडे दारूचं परमिट आहे का ते आधी विचार, लाजू नकोस.

आता खरं सांगते, पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. शुक्रवारी फोडलेली पंधराची बाटली पुढच्या शुक्रवारी संपली, असं तू सहज लिहून गेलास. 70 सेंटिलिटर, 46 टक्के, म्हणजे ब्रिटिश हिशेबानं 32 युनिट. तिथले डॉक्टर आठवड्याला 14 च्या आत राहा म्हणतात. बाटलीवर 15 वाचलंस तसं 46 वाचलंस का? सोबत कोण होतं, की एकट्यानंच? सोबत असेल तर मी उगाच बोलले. नसेल तर तुझ्या आईला अजून काही कळवलेलं नाही, पण मला मात्र खरं काय ते उलट टपाली कळव.

तुझी,
मावशी