बाबांचे कान

परवा रविवारी संध्याकाळी आमच्या गच्चीत बाबा आणि माझी लेक जोरजोरात भांडत होते. म्हणजे शेजारच्यांना तसं वाटलं असणार. खरं तर गप्पा चालल्या होत्या, पण बाबांशी बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं. कानाचं मशीन आहे त्यांच्याकडे, पण ते बहुतेक वेळ टीव्हीशेजारच्या डबीत असतं. "त्यातून नको तेच जास्त ऐकू येतं," असं ते म्हणतात. नको ते म्हणजे आपण, असा आईचा ठाम समज आहे.

आमचं घर कांदिवलीत, चारकोपला. विमानतळ इथून चांगला लांब, पण गच्चीतून उत्तरेकडे निघालेली विमानं दिसतात. आवाज कानावर पडायच्या आत मी कामाला लागलेली असते. बाबा मात्र चहाचा कप हातात तसाच धरून विमान दिसेनासं होईपर्यंत बघत राहतात.

बाबा १९६८ साली विमानतळावर कामाला लागले आणि २००३ साली निवृत्त झाले. पस्तीस वर्षं इंजिनं तपासली. दुरुस्ती झाली की इंजिन जमिनीवरच चालू करून बघायचं, गळती आहे का, थरथर आहे का, ते पाहायचं. सुरुवातीच्या काळात कानात कापसाचे बोळे, बस्स. पुढे इअरमफ आले. पण ते लावले की शेजारच्याची हाक ऐकू यायची नाही, आणि त्या कामात हाक ऐकू न येणं धोक्याचं, म्हणून ते बरेचदा गळ्यातच लटकायचे. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

आता लेक मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढच्या महिन्यात पुण्याजवळ विमानाच्या इंजिनांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला चालली आहे. गच्चीतला गोंधळ त्याचाच होता. नवी इंजिनं आवाज कमी का करतात, हे ती आजोबांना समजावत होती!

"आबा, सगळी गंमत बायपासमध्ये आहे!"

आमच्या पिढीला बायपास म्हटलं की हृदयाचं ऑपरेशन आठवतं. इथे प्रकरण वेगळं आहे. जेट इंजिन पुढून हवा आत घेतं. तिच्यातली काही हवा आत जाऊन इंधनाबरोबर जळते आणि मागून सुसाट बाहेर पडते. उरलेली हवा न जळता, आगीला वळसा घालून, पुढच्या मोठ्या पंख्याच्या जोरावर नुसती मागे ढकलली जाते. ही वळसा घालणारी हवा म्हणजे बायपास. एअर इंडियाने १४ मे १९६० रोजी बोइंग ७०७ने न्यूयॉर्कची जेट सेवा सुरू केली, तेव्हा त्या विमानांना रोल्स-रॉइसची 'कॉनवे' इंजिनं होती. तिथे आत जाणाऱ्या दहा भाग हवेला वळसा घालणारी जेमतेम तीन भाग. १९७१ साली जम्बो आलं, त्यात एकाला पाच. आणि आता एअरबस ए३२० निओसारख्या विमानांवर जी 'लीप' इंजिनं असतात, त्यांत एकाला अकराच्या आसपास.

मी विचारलं, "पण त्याने आवाज का कमी व्हावा?" लेक कागद शोधायला लागली. तेवढ्यात बाबांना प्रश्न ऐकू आला (असं मधूनच होतं) आणि ते म्हणाले, "अगं, कुकरची शिट्टी आणि छताचा पंखा. कुकरमधून हवा येते किती? एवढीशी. पण जोरात येते, म्हणून किंचाळते. पंखा सगळ्या खोलीची हवा हलवतो, पण सावकाश. झोप लागते की नाही तुला त्याच्याखाली?"

मला आयुष्यात पहिल्यांदा जेट इंजिन कळलं.

लेकीने त्यावर गणित चढवलं. मागे फेकलेल्या हवेच्या झोताचा आवाज वेगाच्या साधारण आठव्या घाताने वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून वेग निम्मा केला, तर आवाजाची ताकद अडीचशे पटींनी कमी होते. आणि तोच रेटा पुष्कळ हवा सावकाश ढकलून मिळवला, की इंधनही कमी लागतं. म्हणजे शांतता आणि काटकसर एकाच वाटेने येतात. ही नवी इंजिनं आधीच्यांपेक्षा सुमारे पंधरा टक्के इंधन वाचवतात.

मग पंखा मोठाच मोठा का करत नाहीत? करतात, पण तो जड होतो, हवेला अडतो, आणि पंखाखाली जागा तरी किती असणार? शिवाय मोठ्या पंख्याने सावकाश फिरायला हवं आणि त्याला फिरवणाऱ्या आतल्या टर्बाइनने जोरात. प्रॅट अँड व्हिटनीने मधे गिअर बसवून, टर्बाइनच्या साधारण तीन फेऱ्यांना पंख्याची एक, असा तोडगा काढला.

स्वच्छतेचं त्रांगडं आणखी निराळं. आतली आग जितकी गरम, तितकं इंधन वाचतं. पण फार गरम झाली की हवेतला नायट्रोजनच ऑक्सिजनशी जुळतो आणि घातक वायू तयार होतात. म्हणून जळण्याआधी इंधनात भरपूर हवा नीट मिसळून घ्यायची, म्हणजे आग कुठेच फार भडकत नाही. आमच्या आईचं फोडणीबद्दलचं म्हणणंही जवळजवळ हेच आहे. :-)

इंधनाचाही विचार चालू आहे. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला एक प्रवासी विमान गेलं, त्याच्या इंधनात पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजने देशी कच्च्या मालापासून बनवलेलं विमान-इंधन मिसळलं होतं. प्रमाण किती, तर एक टक्क्यापर्यंत. म्हटलं तर काहीच नाही. पण आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी आपल्या सरकारने ठेवलेलं लक्ष्यही २०२७ साली एक टक्का आणि २०३० साली पाच टक्के असंच आहे.

हे सगळं ऐकून मी खूश होते. पण मला घाटकोपरची मावशी आठवली. तिच्या डोक्यावरून विमानं उतरतात. ती म्हणते, पूर्वी विमान आलं की फडताळातली भांडी वाजायची, आता वाजत नाहीत. पण पूर्वी दोन विमानांच्या मधे एक अख्खी गोष्ट सांगून व्हायची, आता वाक्यसुद्धा पुरं होत नाही. ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवसात मुंबई विमानतळावर १,०३२ विमानांची ये-जा झाली. एकेक इंजिन शांत झालं खरं, पण मावशीच्या वाट्याला शांतता आली का? धुराचंही तेच. प्रत्येक विमान पंधरा टक्के वाचवणार आणि विमानं दुप्पट होणार, तर हिशेब कुठे जुळायचा?

लेकीला हे विचारलं तर ती म्हणाली, "म्हणून तर पंधरावर थांबत नाहीत ना, आई." २०२१ साली जीई आणि साफ्रां या दोन कंपन्यांनी नव्या इंजिनाचं काम जाहीर केलं आहे. त्याचा पंखा उघडाच असणार, भोवती कवच नाही. लक्ष्य आणखी वीस टक्के इंधन वाचवायचं.

"कवच काढणार?" बाबांना हे बरोबर ऐकू आलं. "आणि आवाज? आवाज अडवतं कोण, तर कवचच की!"

"तेच तर शोधतायत आबा, पात्यांचा आकार कसा ठेवला तर आवाज होणार नाही ते."

बाबा थोडा वेळ गप्प बसले. वरून एक विमान गेलं, आम्ही तिघांनीही पाहिलं. मला अगदी बारीक आवाज आला. त्यांना आला नसणार.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या कारखान्यात इंजिन चालू करून बघतात का गं?"

"नाही आबा, तिथे नुसते भाग बनतात. पण मशीन असतात ना, आवाज असतोच. इअरमफ देतात."

"देतात ते ठीक. आम्हालाही दिले होते." बाबा म्हणाले. "कुणी हाक मारली तरी काढायचे नाहीत. हाक मारणाऱ्याला म्हणावं, जवळ येऊन खांद्याला हात लाव."

असो. लेक पुढच्या महिन्यात जाईल. बाबांनी काल डबीतून मशीन काढून नवे सेल घालून घेतले आहेत. तिचे फोन येणार म्हणून.